डबाभर अनुस्वार

आमच्या घरी ते यंत्र आलं तेव्हा बायकोने आधी विचारलं, "पीठ किती भिजवू?"

चूक तिची नव्हती. खोक्यातून निघालेली वस्तू दिसायलाच तशी होती. जडशीळ अंग, मधोमध एकावर एक दोन रूळ आणि बाजूला गरागरा फिरवायचा दांडा. आमच्या कळमनुरीत अशी वस्तू उन्हाळ्यात बाजेला आवळून बसवतात आणि घरातल्या सगळ्यात रिकाम्या माणसाला दांड्यावर बसवतात. मी निवृत्त झाल्यापासून आमच्या घरात ती जागा माझी आहे. त्यामुळे दोघांनीही मनोमन आपापली कामं वाटून घेतली होती.

"आई, शेवयांचं नाही ते," सूनबाई म्हणाली. "डाय कटिंगचं मशीन आहे."

"डाय?" बायकोने माझ्या डोक्याकडे बघितलं. "यांचा तर वाटीत कालवून होतो की. त्याला मशीन कशाला?"

मिशीला आणि कानशिलांना महिन्यातून एकदा काय लागतं ते सगळ्या घराला ठाऊक आहे. पण ते असं चारचौघांत निघायला नको होतं.

सूनबाई तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. पहिली-दुसरीचा वर्ग. मीही तिच्याच जातकुळीचा, फक्त जुन्या काळचा. तिने प्रात्यक्षिक दाखवलं. खाली एक जाड फळी. फळीवर काचेसारखी पारदर्शक प्लास्टिकची पाटी. पाटीवर लाल कार्डशीट. कार्डशीटवर डाय, म्हणजे फुलपाखराच्या आकारात वळवलेलं धारदार पातं, धार खाली करून. वर आणखी एक पाटी. हा सगळा थर रुळांच्या तोंडाशी धरून ती म्हणाली, "मामा, फिरवा."

मी फिरवला. आधी काहीच नाही, मग हाताला जडपणा, मग मधेच एक करकर, जणू कुणी कच्ची कैरी चावली. पलीकडून थर बाहेर आला. तिने पाटी उचलली, डाय उचलली आणि बोटाने हलकेच टोचलं. फुलपाखरू कागदातून सुटून टेबलावर पडलं. मिशांसकट. त्या मिशा कात्रीने कापायच्या म्हणजे मला श्वास रोखून धरावा लागला असता.

नातू म्हणाला, "अजून एक." मी फिरवला. तसंच्या तसं. "अजून एक." पुन्हा तसंच. दहाव्या फुलपाखराला माझा खांदा बोलायला लागला. पण यंत्राचं फुलपाखरू पहिल्यासारखंच ताजंतवानं.

बायको चष्मा लावून बघत होती. तिने निकाल दिला : "हे तर वाटीनं पुऱ्या पाडणं झालं."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. एवढी नेमकी व्याख्या त्या यंत्राच्या माहितीपत्रकातही नव्हती. पाहुणे जास्त असले की बाई एकेक पुरी लाटत बसत नाही. मोठी पोळी लाटते, धारेची वाटी घेते आणि भराभर दाबत जाते. सगळ्या पुऱ्या एका मापाच्या, भांडण नको. पोळी म्हणजे कार्डशीट, वाटी म्हणजे डाय आणि दाबणारा तळहात म्हणजे हजारो रुपयांचे ते रूळ. करंजीचं कातणं, शंकरपाळ्यांची नक्षीची चकती ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. आमच्या आईने वाटीऐवजी पितळी डब्याचं झाकण वापरलं की आम्ही समजायचो, आज पाहुणे मोठे आहेत.

फरक एवढाच, की पुऱ्या पाडल्यावर जाळीसारखी जी कात्रणं उरतात ती परत मळून उंड्यात जातात. कागदाचं तसं होत नाही. त्या उरलेल्या कागदाचं काय करायचं, हा प्रश्न बायकोने पहिल्याच दिवशी विचारला होता. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

माझं थोडं दुखलं होतं, हे कबूल करतो. शाळेत कातरकाम, घडीकाम, चिकटकाम माझ्याकडे असायचं. कागदावर त्याला कार्यानुभव म्हणत. प्रत्यक्षात अनुभव माझा आणि कार्य पोरांचं. मराठवाड्यातल्या शाळेला झेंडा वर्षातून चारदा. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट सगळ्या महाराष्ट्राला. १७ सप्टेंबर फक्त आम्हाला. देश स्वतंत्र झाल्यावर आमच्या निजामाच्या मुलखाला आणखी तेरा महिने थांबावं लागलं, तो हिशेब आम्ही दरवर्षी एक झेंडा जास्त लावून चुकता करतो. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, तेव्हापासून १ मेलाही आमच्या पताकांना दुहेरी कारण आहे.

चार झेंडे म्हणजे चार वेळा पताका. पतंगी कागदाचे ताव आणायचे, आठ-आठ ताव एकावर एक ठेवून त्रिकोण कापायचे, मैद्याची खळ शिजवायची, तिला कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचं आणि सुतळीवर पताका दुमडत जायचं. एका वर्षी घाईत मोरचूद विसरलं. सकाळी मैदानात आलो तर शेजारच्या दोन शेळ्यांनी केशरी आणि पांढऱ्या पताका खळीसकट संपवल्या होत्या. हिरव्याला का तोंड लावलं नाही, हे त्या शेळ्यांनाच माहीत.

कात्री चालवायला मी शाळेत शिकलो नाही. लहानपणी गल्लीत मोहरमच्या आधी ताबूत बांधायचे. कामट्यांचा सांगाडा, त्यावर चमकी कागदाची जाळी. ते काम करणारे एक चाचा कागदाची घडी घालत, घडीची पुन्हा घडी, पुन्हा घडी, आणि मग कात्री स्थिर धरून कागदच फिरवत. "कैची नहीं, कागज घुमाव," एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. घडी उलगडली की जाळी. पोळा आला की तोच हात बैलांच्या शिंगांसाठी बेगडाची नक्षी कापायचा. बेगड तेच, कात्री तीच. ताबूत कुणाचा आणि बैल कुणाचा हे कात्रीने कधी विचारलं नाही.

आता एवढी परंपरा पाठीशी असलेल्या माणसाने शेवयांच्या मशीनच्या मावसबहिणीपुढे हार मानायची?

मग मी जरा चौकशी केली. शत्रूची माहिती असावी. निघालं असं, की हे यंत्र कागदाचं नव्हतंच, ते चामड्याचं. एकोणिसाव्या शतकात तिकडे अमेरिकेत जोड्यांचे कारखाने निघाले तेव्हा एकाच मापाचे तळवे भराभर पाडायला पोलादी डाय वापरायला लागले. तिथून ते पुठ्ठ्याच्या खोक्यांकडे आलं. आणि शाळेत कसं आलं, तर १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याने एलिसन नावाची कंपनी काढली. बाई मुलांच्या शाळेत मदतीला जायच्या आणि फलकासाठी अक्षरं कापता कापता बेजार व्हायच्या. त्यातून नवराबायकोने अक्षरं पाडायचं दाबयंत्र तयार केलं. याच कंपनीने पुढे २००१ मध्ये सिझिक्स नावाची घरगुती यंत्रं काढली. ही हकिकत वाचली आणि माझा विरोध निम्मा मावळला. फलकासाठी अक्षरं कापून बोटाला घट्टे पडलेलं माणूस कॅलिफोर्नियातलं असो की कळमनुरीतलं, आपलंच.

आणि आपल्याकडे तरी हे नवीन कुठे? लग्नपत्रिकेवर जो मोर कापलेला असतो, मिठाईचं खोकं जिथे अचूक दुमडतं, ते सगळं पंचिंगच. छापखान्यात पूर्वी पायाने किंवा मोटारीवर चालणारी ट्रेडल असायची. एका हाताने कागद घालायचा, दुसऱ्याने काढायचा आणि तिसरा हात नाही म्हणून बोटं सांभाळायची. ऑफसेट आलं आणि अक्षरांचे खिळे भंगारात वितळले, पण कित्येक ट्रेडल वाचल्या. खिळ्यांच्या जागी प्लायवूडमध्ये ठोकलेली पाती बसवली आणि त्या पंचिंगला लागल्या. जन्मभर अक्षरं उमटवलेलं यंत्र म्हातारपणी कागदाला भोकं पाडतं. निवृत्तीनंतर दांडा फिरवणाऱ्या माणसाला या यंत्राबद्दल आपुलकी वाटली तर नवल काय?

पुढचे तीन महिने आमच्या घरात प्लेगसारखी फुलपाखरं पसरली. फ्रिजवर, आरशावर, देवघराच्या दारावर, विजेच्या मीटरवर. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला मुलगा फुलपाखरू बाजूला करून फोटो काढून गेला. दाराला फेल्टच्या आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. ते वाळत नाही म्हणून सूनबाई खूश आणि ते वाळत नाही म्हणूनच बायको नाराज. तिचं म्हणणं, तोरण वाळल्याशिवाय सण झाला असं वाटत नाही. गणपतीत मात्र यंत्राने जिंकलं. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली, तेव्हापासून मखराचं काय करायचं हा दरवर्षीचा तंटा होता. यंदा पुठ्ठ्याच्या कमानीला पाडलेली कमळं लावली, बायकोच्या जुन्या इरकलीच्या काठाची पानं कापली. हो, कापडही कापतं ते. काठ रुळांत घालताना बायको देवघराकडे तोंड करून उभी होती. लग्नातलं लुगडं होतं. पण आरतीला आलेल्या बायकांनी काठ ओळखला तेव्हा तीच पुढे होऊन सांगत होती, "यांनी कापला, मशीनवर."

यांनी! माझी नेमणूक पक्की झाली.

खरी पंचाईत शाळेत झाली. यंत्राबरोबर अक्षरांचा संच आला होता, पण इंग्रजी. सव्वीस डाय आणि विषय संपला. मराठीचं तसं नाही. शासनाने २००९ मध्ये वर्णमाला ठरवून दिली, ॲ आणि ऑ आत आले आणि आमच्या बाराखडीची चौदाखडी झाली. चौतीस व्यंजनं गुणिले चौदा, झाले ४७६. जोडाक्षरं अजून दाराबाहेर रांगेत उभीच. एवढ्या डाय घ्यायच्या तर शाळेचं सादिल अनुदान पुढच्या पिढीपर्यंत गहाण टाकावं लागेल.

हे दुखणं जुनंच आहे म्हणा. मराठी छपाईने सुरुवातीपासून त्याच्याशी झटापट केली. एक पद्धत अखंड टाइपाची, काना-मात्रेसकट पूर्ण अक्षर एका खिळ्यावर, खिळ्यांचा डोंगर. दुसरी डिग्रीची, अक्षर वेगळं, वरची मात्रा-अनुस्वार वेगळे, खालचा उकार वेगळा. खिळे कमी, पण जुळवणाऱ्याची कसोटी. १८६९ ला जावजी दादाजींनी मुंबईत काढलेला निर्णयसागर छापखाना देखण्या टाइपासाठी नावाजला गेला. खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल यात खुद्द लोकमान्यांनी डोकं घातलं होतं. आमच्या सूनबाईच्या पुढ्यात तोच प्रश्न, फक्त फोम शीटवर.

१७ सप्टेंबर तोंडावर आला होता. शाळेत केंद्राचा कार्यक्रम होता आणि मंचामागे शाळेचं पूर्ण नाव-गाव लावायचं होतं. तेव्हा ती रेडियमवाल्याकडे गेली. गाड्यांवर 'आईचा आशीर्वाद' कापून देणारा. त्याच्याकडे संगणकावर चालणारं यंत्र असतं; टाक धरावा तसं त्यात एक बारीक पातं असतं आणि ते स्वतःच सरसर फिरत अक्षर कापतं. त्याने मंगल फॉन्टमध्ये नाव टाकलं. मंगल र. कृ. जोशींचा, म्हणजे आपल्याच माणसाचा. पण तो हिंदीलाही पुरा पडायचा म्हणून त्यातला 'ल' उभ्या दांड्याचा. पहिलीच्या पोरांना पुस्तकात दोन पाकळ्यांचा देठावरचा ल शिकवायचा आणि मंचावर दुसराच! शिवाय प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही, यंत्राच्या पात्याला दिसतं. ती जोडून एक करून घेतली नाही तर पातं दोन्ही अक्षरांच्या कडा कापतं आणि शिरोरेघेचे तुकडे पडतात. सूनबाईने फॉन्ट बदलायला लावला, रेघा जोडायला लावल्या. रेडियमवाला म्हणाला, "मॅडम, गाडीवाले एवढं बघत नसतेत." ती म्हणाली, "गाडीवाले पहिलीत नसतात."

एवढी दक्षता घेऊनही व्हायचं ते झालं. रेडियम कापल्यावर अक्षरांभोवतीचा फालतू भाग ओढून काढतात. त्या ओढण्यात एखादा सुटा बारीक तुकडाही निघून जातो. कुणाच्या ध्यानात आलं नाही. झेंडा झाला, गीत झालं, पाहुणे मंचावर बसले आणि त्यांच्या डोक्यावर भल्या मोठ्या निळ्या अक्षरांत : 'ता. कळमनुरी, जि. हिगोली'.

मी समोरच्या खुर्चीत होतो. सूनबाईचा चेहरा बघितला, तिने माझा बघितला. पाहुण्यांचं भाषण चालू होतं आणि विषय होता गुणवत्ता. एवढ्यात खाली सतरंजीवर पहिल्या रांगेत बसलेली पहिलीतली एक मुलगी उठली, सूनबाईजवळ आली आणि तिच्या मते हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, हिंगोलीची टिकली पडली."

सगळ्यांनी वर बघितलं. पाहुण्यांनीही मान वळवून बघितलं. त्या शांततेत त्या पोरीने आपल्या कपाळावरची टिकली काढली. गोल, मेंदीच्या रंगाची, सणाची म्हणून जरा मोठी. मुख्याध्यापकांनी तिला उचलून धरलं. तिने अंगठ्याने दाबून टिकली चिकटवली, मागे मान करून बघितली, जराशी सरकवली आणि खाली उतरून जागेवर जाऊन बसली. निळ्या अक्षरांवर एक मेंदी रंगाचा अनुस्वार. पाहुणे भला माणूस. म्हणाले, "माझं गुणवत्तेवरचं भाषण झालं."

त्या रात्री सूनबाई जेवताना गप्प होती. मला वाटलं, मनाला लागलं. तर ती एकदम म्हणाली, "मामा, ती पोरगी अजून वाचत नाही. तिला हिंगोली वाचता आलं नाही. तिला फक्त कळलं, की इथं एक टिंब असतं." थोडं थांबून म्हणाली, "आपण अख्खी अक्षरं कशाला पाडायची?"

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं एसटीने नांदेडला निघालो. जाताना बाळापूर, वारंगा फाटा. फाट्यावर खिचडी खाल्ल्याशिवाय नांदेडला गेलेलं मोजत नाहीत. नांदेडला मिठाईच्या खोक्यांच्या डाय बनवणाऱ्याचं दुकान शोधलं. बसल्या जागी तो पोलादी पट्टी वाकवत होता. जणू कुणी सावकाश वळण गिरवतंय. आधी त्याला वाटलं आम्हाला अक्षरंच हवीत. तो म्हणाला, "एबीसीडी करून देतो. पण तुमचा ह बघा, पोटात आतडी आहेत त्याच्या. पातं एवढं वळतच नाही, तुटतं."

"ह नको," सूनबाई म्हणाली. "उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ, अर्धा गोल आणि टिंब. पाच द्या."

त्याने पुन्हा एकदा विचारून घेतलं. एवढ्या लांबून येऊन कुणी रेघ मागितली नव्हती. अडचण उंचीची होती. छापखान्याचं पातं जवळपास चोवीस मिलिमीटर उंच. आमच्या घरगुती रुळांत ते शिरेना. आम्ही पाटी बरोबर नेली होती म्हणून बरं. त्याने मोजलं, कमी उंचीची पट्टी काढली, पातळ फळीत बसवली, पात्याच्या दोन्ही अंगांना स्पंजचे तुकडे चिकटवले. कापलेला तुकडा अडकून न बसता बाहेर ढकलला जावा म्हणून ते लागतात. टिंबाच्या डायचे पैसे त्याने घेतले नाहीत. म्हणाला, "येवढ्याशा पात्याचा काय हिशोब?"

आता संध्याकाळी मी दांडा फिरवतो. फोम शीटच्या निळ्या उभ्या रेघा, लाल अर्धगोल, हिरव्या आडव्या. मधून मधून पाटी उलटी करावी लागते, नाहीतर एकाच बाजूने घाव खाऊन तिची कमान होते. हे शिक्षकांनाही लागू आहे. वर्गात पोरं जमिनीवर तुकडे पसरून बसतात. उभी रेघ, अर्धा गोल, वर आडवी : व. व चं पोट फाडून एक तिरपी घातली की ब. कुणाचा प उलटा लागला तर खोडरबर नको, रागावणं नको. तुकडा उचलायचा आणि फिरवायचा. हात स्थिर, कागद फिरवायचा. चाचांचा अभ्यासक्रम पहिलीला लागू झाला. आणि यंत्राने एका मापाचे पाडलेले तुकडे असूनही वर्गात कुणाचाही ग दुसऱ्याच्या ग सारखा नसतो. एकाचा ग पुढे झुकलेला, एकाचा पैलवानासारखा मागे रेललेला. माझ्या कात्रीला जे सुख मिळायचं ते इथे पस्तीस जणांना वाटून मिळतं. माझी तक्रार मी मागे घेतली.

उरलेल्या कागदाचा प्रश्न बायकोनेच सोडवला. टिंबं पाडून झालेली शीट म्हणजे चाळणी. तिने ती अंगणात सडा घातलेल्या जमिनीवर ठेवली, वरून मूठभर रांगोळी फिरवली आणि उचलली. ठिपकेच ठिपके, ओळीत, मोजून मापून. "पाच ते पाच," ती म्हणाली आणि खाली बसून हाताने जोडायला लागली. ठिपके यंत्राचे, ओळी तिच्या.

टिंबं फार झाली आहेत. दांडा एकदा लागला की हात थांबत नाही. श्रीखंडाचा रिकामा डबा भरून अनुस्वार घरात आहेत. सदऱ्याच्या खिशातही दोन-चार सापडतात. परवा बाजारातून येताना एका फलकावर मोठ्या अक्षरांत वाचलं : 'गणेश मडळ'. खिशात हात गेला. शिडी नव्हती आणि पहिलीतल्या पोरीइतकं धैर्यही नव्हतं. म्हणून अजून तरी नुसता हात घालून येतो.